ब्रायटनला एक रात्र: पाखरांचे थवे आणि डोंगरावरची छत्री

लंडनची मराठी मित्रमंडळी ब्रायटनला बहुधा एका दिवसात जाऊन येतात. सकाळची गाडी, पिअरवर (समुद्रात आत गेलेल्या लांब धक्क्यावर) फोटो, फिश अँड चिप्स, संध्याकाळी परत. तेवढ्यासाठी राहायची गरज नाही हे खरंच. पण या गावात दोन गोष्टी अशा आहेत, की त्यांच्यासाठी रात्र काढावीच लागते. एक, हिवाळ्यात मावळतीला पिअरभोवती फिरणारे पाखरांचे थवे. दुसरी, गावामागच्या डोंगरावरची छत्री. पहिल्या महायुद्धात इथल्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला, त्या जागेवर ती उभी आहे. एका दिवसात दोन्ही साधायला गेलं तर हिवाळ्यातला उजेड पुरत नाही. नोव्हेंबरअखेर इथे सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो.

म्हणून हा बेत नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारचा आणि चौघांचा आहे.

निघण्याआधी

गाडीच्या तिकिटात सगळ्यात जास्त चुका होतात. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र जाणार असतील तर ‘ग्रुपसेव्ह’ घ्यायचं. ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडूनच्या भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते आणि त्यासाठी कुठलं कार्ड लागत नाही. लंडनहून दोन वाटा आहेत: व्हिक्टोरियाहून सदर्न किंवा गॅटविक एक्सप्रेस, आणि सेंट पँक्रस, ब्लॅकफ्रायर्स किंवा लंडन ब्रिजहून थेम्सलिंक. ‘फक्त थेम्सलिंक’ असं लिहिलेलं तिकीट स्वस्त पडतं, पण ते घेऊन व्हिक्टोरियाच्या गाडीत बसलात तर ते विनातिकीटच. दुसरी चूक ऑयस्टर कार्डाची, म्हणजे लंडनच्या बस-ट्यूबला टेकवायच्या कार्डाची. ते गॅटविकपर्यंत चालतं, ब्रायटनला चालत नाही. लंडनमध्ये सवयीने कार्ड टेकवून आत शिरलेला माणूस ब्रायटनच्या फाटकाशी अडकतो. जाण्या-येण्याचं ऑफ-पीक तिकीट घ्या, ठरावीक गाडीचं ‘अॅडव्हान्स’ नको. त्याचं कारण रविवारी दुपारी कळेल.

रविवारी या मार्गावर रुळांची कामं बरेचदा निघतात आणि मधल्या टप्प्यावर गाडीऐवजी बस देतात. नॅशनल रेलच्या अॅपवर आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या रात्री एकदा बघावं. बस असेल तर परतीला तासभर जादा धरा.

राहायला केम्पटाउन किंवा रीजन्सी स्क्वेअरच्या बाजूची छोटी गेस्टहाउस बरी. जुन्या उभ्या घरांतली ही हॉटेलं. जिने अरुंद आणि चढे असतात, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते, आणि स्वस्त खोली एक तर तळघरात किंवा पोटमाळ्यावर. कुणाचे गुडघे दुखत असतील तर कितवा मजला ते आधी विचारून घ्या. शनिवार धरून एकच रात्र द्यायला काही जण तयार नसतात, दोन रात्रींची अट घालतात. ही अट उन्हाळ्यात कडक असते, नोव्हेंबरात बरीच सैल होते. ‘सी व्ह्यू’साठी जादा पैसे मोजू नयेत. संध्याकाळी पाचला बाहेर मिट्ट काळोख असतो.

सामान पाठीवरच्या एकाच पिशवीत मावलं पाहिजे. वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि घोट्यापर्यंतचे बूट घ्या. छत्री (पावसाची) घरीच ठेवा. समुद्रावरच्या वाऱ्यात ती दोन मिनिटांत उलटी होते.

पहिला दिवस, शनिवार

पावणेनऊच्या आसपासची गाडी धरली की दहाच्या सुमारास ब्रायटन येतं. बाल्कम सोडल्यावर गाडी उज नदीच्या खोऱ्यावरून जाते. खाली ३७ कमानींचा, १८४१ चा विटांचा पूल असतो. गाडीतून तो दिसत नाही, फक्त दोन्ही बाजूंची जमीन अचानक खोल जाते. हॅसक्सनंतर क्लेटनचा दोन किलोमीटरचा बोगदा लागतो. त्याच्या माथ्यावरचा डोंगर उद्या पायी ओलांडायचा आहे.

स्टेशनातून सगळे जण क्वीन्स रोडने थेट समुद्राकडे सुटतात. त्याआधी दहा मिनिटं उजवीकडे सेंट निकोलस चर्चच्या आवारात घालवावीत. तिथे शेख दीन महंमद यांची कबर आहे. जन्म १७५९ चा, पाटण्याचा. कंपनीच्या बंगाल फौजेतून ते आयर्लंडला आणि पुढे लंडनला आले. १८१० मध्ये त्यांनी तिथे हिंदुस्थानी जेवणाचं कॉफीहाउस काढलं. ते बुडालं. मग ब्रायटनला येऊन त्यांनी वाफेची न्हाणीघरं काढली. औषधी वाफ द्यायची आणि मग अंग रगडायचं. या रगडण्याला ते ‘शाम्पूइंग’ म्हणत. आपण डोक्याला चंपी म्हणतो ना, तोच शब्द. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपले चंपीवैद्य नेमलं होतं. १८५१ मध्ये ते वारले. दगड साधाच आहे, अक्षरं झिजलीत, जवळ जाऊन वाचावी लागतात.

तिथून गेस्टहाउसवर जाऊन पिशव्या टाकायच्या. खोली दोन-तीनच्या आधी मिळत नाही, पण पिशव्या ठेवून घेतात. आणि साडेअकरापर्यंत रॉयल पॅव्हिलियन गाठायचा.

पॅव्हिलियनला किमान दोन तास द्या. बाहेरून घुमट, मिनार आणि दगडी जाळ्या, म्हणजे इंग्रजाच्या कल्पनेतलं हिंदुस्थान. आत शिरलं की सगळं चिनी. १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅश या वास्तुविशारदाने युवराज जॉर्जसाठी (तोच पुढे चौथा जॉर्ज झाला) त्याला हे रूप दिलं. यातला एकही घुमट हिंदुस्थान पाहिलेल्या माणसाने उभारलेला वाटत नाही, आणि ते खरंच आहे, नॅश कधी तिकडे गेलाच नव्हता. मेजवानीच्या दालनात छताला चांदीचा ड्रॅगन आहे आणि त्याच्या नखांत सुमारे एक टन वजनाचं झुंबर लटकतं. सगळे जण ते बघत मान मोडून घेतात. त्यांना बघू द्या, पण तुम्ही शेजारचं स्वयंपाकघर निवांत पाहा. त्याचं उंच छत लोखंडी खांबांवर तोललं आहे आणि खांबांच्या टोकाला तांब्याच्या पत्र्याच्या माडाच्या झावळ्या आहेत.

डिसेंबर १९१४ मध्ये या स्वयंपाकघराचं शस्त्रक्रियागृह झालं. फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या खंदकांत जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी पॅव्हिलियनचं इस्पितळ केलं होतं. मेजवानीच्या आणि संगीताच्या दालनांत झुंबरांखाली खाटांच्या रांगा लागल्या. धर्म आणि जातीची सोवळी-ओवळी सांभाळायला आवारात नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते आणि पाट्या उर्दू, हिंदी, गुरुमुखीत होत्या. या व्यवस्थेत काळजी होती तसाच हिशेबही होता. राजाच्या महालात शिपायांची शुश्रूषा चालली आहे, हे चित्र फोटो छापून हिंदुस्थानात पोहोचवलं गेलं. बाहेर मोकळं फिरायला मात्र बरे झालेल्यांनाही मुभा नव्हती. ऑगस्ट १९१५ मध्ये पाचव्या जॉर्जने इथल्याच हिरवळीवर जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक दिलं. जानेवारी १९१६ पर्यंत इथे हिंदी सैनिक होते.

या इस्पितळावर आत एक दालन आहे. ते आधी बघून मग पुन्हा एकदा मेजवानीच्या दालनात जावं. खोली तीच असते, नजर बदललेली असते.

मराठी वाचकाला त्या आघाडीचा एक धागा खडकीपर्यंत नेता येतो. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावावर जो हल्ला झाला, त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी ही माणसं त्या दिवशी पायदळासारखी घरोघर लढली. दोन्ही कंपन्यांचे ब्रिटिश अधिकारी एक तर मारले गेले किंवा जखमी झाले.

बाहेर पडताना दक्षिणेच्या फाटकातून पडा. ‘इंडिया गेट’ नावाची ही गुजराती धाटणीची कमान हिंदुस्थानने ब्रायटनकरांना दिलेली भेट आहे. पतियाळाच्या महाराजांनी ऑक्टोबर १९२१ मध्ये तिचं अनावरण केलं.

जेवण समुद्रावर. फिश अँड चिप्स मागण्याआधी कशात तळता ते विचारा. दक्षिण इंग्लंडात बहुतेक दुकानं वनस्पती तेल वापरतात, पण काही ठिकाणी ‘बीफ ड्रिपिंग’, म्हणजे गाईची चरबी असते, आणि मग चिप्सही त्यातच तळलेल्या असतात. शाकाहारी मंडळींनी कढई वेगळी आहे का, हेही विचारावं. विचारलं तर कुणाला राग येत नाही. कॉडपेक्षा हॅडॉक किंचित गोड आणि चवदार. एक मोठा तुकडा आणि एक चिप्स दोघांना पुरतात, चौघांनी चार घेतले की निम्मं टाकावं लागतं. वरचं आवरण भज्यासारखं असलं तरी बेसनाचं नाही, मैद्याचं असतं. डबा बंद ठेवला की वाफेने ते मऊ पडतं, म्हणून हातात आल्या आल्या झाकण उघडायचं, मीठ आणि माल्ट व्हिनेगर शिंपडायचं आणि लगेच खायचं. कोकणातल्या माणसाने स्मोक्ड मॅकरल मिळालं तर सोडू नये. बांगड्याचाच भाऊबंद आहे, फक्त चुलीवर भाजण्याऐवजी धुरावर शिजवलेला.

खाताना पाठ भिंतीला लावून बसावं. सीगल, म्हणजे कुरव, मागून येतो. समोरून क्वचितच येतो, कारण माणूस बघतो आहे हे त्याला कळतं. एक्सेटर विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात हेच दिसलं होतं: रोखून पाहिलं की तो अन्नाकडे यायला वेळ लावतो. चिप्सचा डबा उघडा धरून उठून चालायला लागणं ही सगळ्यात मोठी चूक.

इथल्या किनाऱ्याला पुळण नाही. गारगोटीचे गोल गोटे आहेत, मुठीएवढे. त्यांवरून चालताना प्रत्येक पाऊल अर्धं मागे घसरतं, म्हणून जे अंतर पाच मिनिटांचं दिसतं त्याला दहा लागतात. पाण्याच्या कडेला उतार एकदम तीव्र होतो. उधाणाला इथे भरती-ओहोटीत सहा मीटरच्या आसपास फरक पडतो. दक्षिण-पश्चिमेचा वारा असेल तर परतणारी लाट गोट्यांसकट पाय ओढते, आणि तो खरवडल्यासारखा आवाज रस्त्यापर्यंत येतो. अशा दिवशी फोटोसाठीही कडेला उभं राहू नये. कुणी पाण्यात ओढलं गेलंच तर मागे उडी मारायची नाही. ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ म्हणायचं, आणि पाण्यातल्या माणसाला पाठीवर तरंगत राहायला ओरडून सांगायचं. थंडगार पाण्याने पहिलं मिनिट श्वास आवरत नाही, आणि त्या मिनिटात पोहायची धडपड केली की नाकातोंडात पाणी जातं.

पश्चिमेकडे समुद्रात एक लोखंडी सांगाडा उभा दिसतो, तो वेस्ट पिअर. १८६६ मध्ये उघडला, १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये दोनदा जळला. फोल्क्सची छोटी विजेची आगगाडी पूर्वेकडे आहे, १८८३ पासूनची, चालू असलेल्यांत जगातली सगळ्यात जुनी. हिवाळ्यात ती बंद असते, तिच्यासाठी पायपीट करू नका.

सव्वातीनला पॅलेस पिअरवर पोहोचायलाच हवं. पिअर १८९९ चा, ५२५ मीटर लांब. टोकाच्या पाळण्यांकडे न जाता मधल्या भागात, वारा पाठीवर घेऊन, पश्चिमेकडे तोंड करून कठड्याला उभं राहायचं. पायाखालच्या फळ्यांत बोटभर फटी आहेत आणि त्यांतून खाली हिरवं पाणी हलताना दिसतं. फोन हातातून सुटला तर तिथेच जातो, म्हणून पट्टा लावा.

आधी दहा-वीस पाखरं येतात, मग शेतावरून, गावातून लहान लहान टोळ्या येऊन मिळतात. ही स्टार्लिंग. सोलापूरकडे ज्वारीच्या दिवसांत भोरड्यांचे थवे पाहिलेत, त्यांना हे कूळ ओळखीचं वाटेल. थवा आधी सैल, धुरासारखा असतो. मग एका बाजूने दाट होतो, काळा पडतो, आणि तो काळेपणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जातो, कारण पाखरं क्रमाने वळतात आणि वळताना त्यांचे पंख क्षणभर आडवे दिसतात. प्रत्येक पाखरू आपल्या लगतच्या सहा-सात पाखरांवर लक्ष ठेवून उडतं, आख्ख्या थव्याला पुढारी कुणी नसतो. बहिरी ससाणा आला की थवा गोळा होतो आणि दोन भागांत फुटतो. जवळून गेला तर आवाज येतो, रेशमी साडी झटकल्यासारखा. मग सूर्य बुडाल्यावर काही मिनिटांत, नळीतून ओतल्यासारखी सगळी पाखरं पिअरच्या खाली लोखंडी तुळयांवर उतरतात आणि पायाखालून कलकलाट सुरू होतो.

जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर हा खेळ होत नाही, ती थेट आत शिरतात. ढगाळ पण शांत संध्याकाळ चालते. साडेचार वाजता पोहोचलेल्यांना फक्त कलकलाट ऐकू येतो.

नंतर लेन्सच्या बोळांत फिरा, जेवा. शाकाहारी खाण्याची ब्रायटनला कमतरता नाही, पण शनिवारी रात्री चौघांचं टेबल आयत्या वेळी मिळत नाही, आठवडाभर आधी सांगून ठेवा. लवकर झोपा.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी नाश्ता भरपेट करा, कारण पुढे चार तास काही मिळत नाही. दोन बाटल्या पाणी, सुका खाऊ आणि पिशव्या पाठीवर घेऊन गेस्टहाउस सोडायचं, आता परत यायचं नाही. पॅचमची बस ओल्ड स्टीनहून पकडायची. रविवारी बसा विरळ असतात, वेळ आदल्या रात्री बघा. साडेनऊची निघाली तर दहाच्या आत पॅचमच्या जुन्या गावात पोहोचता.

ऑल सेंट्स चर्चपासून वर चढायचं, व्हेल अॅव्हेन्यू ओलांडायचा, आणि ए-२७ बायपासवरच्या पुलावरून पलीकडे जायचं. तिथून माळ सुरू होतो. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल-११ नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. ‘ससेक्स बॉर्डर पाथ’ या वाटेच्या पाट्या छत्रीपाशी नेतात. अंतर दोन-सव्वादोन किलोमीटर, वेळ पाऊण तास. गाडीने येणाऱ्यांना ब्रेपूल लेनला गाडी ठेवून चालावं लागतं, छत्रीपर्यंत रस्ता नाही.

इथली जमीन खडूची आहे, फळ्यावरचा तोच खडू. कोरडी असताना पांढरी वाट पायाला बरी लागते. पाऊस झाला की वरचा थर साबण होतो, आणि बुटांना चिकटून तळवे दुप्पट जड होतात. चाकोरीतून चालू नका, कडेच्या गवतातून चाला. उतारावर तर नक्कीच. गुरांचं कुंपण उघडलं की मागून लावून घ्यायचं. गाई-मेंढरं असली तर लांबून वळसा घ्या.

छत्री आधी दिसत नाही. उताराच्या कुशीत ती लपलेली आहे. एका वळणावर एकदम खाली पांढरा घुमट येतो आणि त्याच्यामागे सगळं ब्रायटन आणि समुद्र. आठ खांब, वर घुमट, उंची सुमारे नऊ मीटर. संगमरवर सिसिलीचा. आराखडा ई. सी. हेन्रिक्स यांचा, ते मुंबईचे तरुण वास्तुविशारद होते. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या समाधीवर छत्री बांधतात. इथे ती शिपायांसाठी बांधली. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं.

खालच्या बाजूला ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत. त्यांच्याखाली चितांचे काँक्रीटचे ओटे आहेत. इस्पितळात हिंदू किंवा शीख सैनिक वारला की त्याला मोटारीतून इथे आणत, त्याच्या रीतीने दहन करत आणि रक्षा समुद्रात सोडत. मुसलमान सैनिकांना वोकिंगला नेऊन दफन केलं. स्मारकावरचा मजकूर इंग्रजीबरोबर आपल्याकडच्या भाषांतही कोरला आहे. नावं मात्र नव्हती. ५३ जणांची नावं कोरलेली भिंत २०१० मध्ये शेजारी उभारली गेली, म्हणजे दहनानंतर ९५ वर्षांनी. ती एकेक वाचावीत, मोठ्याने वाचली तरी चालेल, तिथे वाऱ्याशिवाय कुणी नसतं. पाच मिनिटांत वाचून होतात.

दुसऱ्या महायुद्धात हा डोंगर लष्कराच्या ताब्यात होता आणि सरावाच्या गोळ्यांनी छत्रीचा दगड फुटला. पुढे दुरुस्ती झाली. दर वर्षी जूनमध्ये इथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. तेव्हा गर्दी असते, म्हणून सोबतीने जायचं असेल तर जून आणि निवांतपणासाठी नोव्हेंबर.

शिळांवर बसून खाऊ नये, पिशव्याही ठेवू नयेत. बाहेरच्या गवतावर जागा भरपूर आहे. पाणी, संडास, आडोसा काही नाही, हे धरूनच या.

इथून परत पॅचमला उतरण्याऐवजी उत्तरेला चालत राहा. ठरावीक गाडीचं तिकीट न काढण्याचं कारण हेच, परतीची गाडी हॅसक्सला धरायची आहे. ते लंडन-ब्रायटन मार्गावरचंच अलीकडचं स्टेशन, ऑफ-पीक परतीच्या तिकिटावर तिथून बसता येतं. तीनेक किलोमीटरवर डोंगराच्या कण्यावर जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या लागतात. पांढरी लाकडी जिल १८२१ मध्ये ब्रायटनला बांधली आणि १८५२ मध्ये बैल जोडून इथे ओढत आणली. चढाचा विचार केला तर किती बैल लागले असतील, असं तिथे उभं राहून मनात येतंच. हिवाळ्यात ती आतून बघता येत नाही.

पुढची उतरण तीव्र आहे आणि ओल्या खडूत सगळ्यात जास्त माणसं इथेच आपटतात. तिरकी पावलं टाका, हात खिशातून बाहेर ठेवा. पायथ्याला क्लेटन गाव. तिथल्या छोट्या चर्चमध्ये भिंतींवर सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची तांबड्या-पिवळ्या मातीच्या रंगांतली चित्रं आहेत. दार उघडं असेल तर बूट पुसून आत जा. गावाबाहेर, काल ज्या बोगद्यातून आलात त्याचं उत्तरेकडचं तोंड दिसतं, किल्ल्याच्या बुरुजांसारखं बांधलेलं, आणि दोन बुरुजांच्या मधोमध एक घर.

हॅसक्स स्टेशन तिथून अर्ध्या तासावर. पॅचमपासून इथवर एकूण आठेक किलोमीटर होतात, थांबत थांबत साडेतीन-चार तास. दीड-दोनच्या सुमारास फलाटावर पोहोचता येतं, उजेड बाकी असताना. बुटांचा खडू वाळायला लागला की फलाटाच्या कडेवर झाडून टाका. गाडीत तो पांढऱ्या भुकटीसारखा सगळीकडे पसरतो.